चिलवेरी सर आणि गप्प प्रोसिजरी

आमच्या ऑफिसात बाथरूमला जाऊन आलं तरी चिलवेरी सरांना कळवावं लागतं.

मी थट्टा करत नाहीये. माझा कामाचा पहिला दिवस होता. मी उठले, जाऊन आले, खुर्चीत बसले. पलीकडच्या टेबलावरून सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "जाऊन आलाव?"

"हो."

"मग?"

"मग काय?"

"उत्तर कुटंय?"

मी पुण्यात सहा वर्षं नोकरी करून आले होते. तिथं असं कुणी विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याच्यावर चौकशी बसली असती. मी चार खरमरीत वाक्यं जुळवत होते, तेवढ्यात सर शांतपणे म्हणाले, "दोन दिस झालं तितं पाणी न्हाय. नळाला आलंय का न्हाय, येवढंच विचारायलो. तुमी गेलाव, बघितलाव, आन् काय बी न सांगता बसलाव. आता मी परत जाऊन बघू काय?"

पाणी आलं होतं. तसं मी सांगितलं. सरांनी समोरच्या वहीत बारीकशी टिक केली आणि चष्मा खाली घेतला.

हे ऑफिस म्हणजे चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यातली कंप्यूटरची खोली. खोलीत माणसं दोन, सर आणि मी वैशाली. सर साठी केव्हाच ओलांडलेले. शेठनी त्यांना निवृत्त करायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा कंप्यूटर बंद पडल्यावर बेत रद्द केला. कारण कारखान्याचा अख्खा प्रोग्राम, म्हणजे सूत येण्यापासून टॉवेल गेटबाहेर जाईपर्यंतचा, सरांनी तीस वर्षांपूर्वी एकट्यानं लिहिलेला. निळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊसचं नाव नाही. तो प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय ती भाषा आता सर आणि तो कंप्यूटर असे दोघंच बोलतात, असं मी कुर्डुवाडीला घरी सांगायचे. ते सगळं नवीन भाषेत आणायचं, या कामासाठी मला घेतलेलं.

सरांची ती 'उत्तर कुटंय'ची सवय ऑफिसपुरती नव्हती. गेटसमोरच्या हॉटेलवाल्याला त्यांनी एकदा फोन केला, "दोन चहा." त्यानं 'हो' न म्हणता फोन ठेवला. झालं. सर अस्वस्थ. पाच मिनिटं येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी तो 'हो' आणायला स्वतः गेटापर्यंत चालत गेले. तेवढ्यात चहा मागच्या जिन्यानं येऊन टेबलावर थंड झाला. परत आल्यावर मी म्हटलं, "सर, चहा आलाय." तर म्हणाले, "आलाय ते बराबर. पण मला कुटं म्हाईत हुतं?"

व्हॉट्सअॅपवर त्यांचा विशेष राग. आलेल्या प्रत्येक 'शुभ सकाळ'ला ते उत्तर देतात. 'होय, शुभ आहे.' डोकं दुखत असलं तर 'आज नाही.' आपण पाठवलेलं समोरच्यानं वाचलं आणि काही लिहिलं नाही, तर त्या दोन निळ्या खुणांकडे ते असं बघतात की मलाच अपराधी वाटतं. "बघितलं, आन् गप. ही काय तऱ्हा झाली?"

लग्नाची पत्रिका कुणी दिली की त्या तारखेनंतरच्या सोमवारी सरांचा फोन ठरलेला, "झालं का?" स्वतः लग्नाला जेवून आलेले असले तरी. देवाचंही सुटलेलं नाही. देवळात जातात, हात जोडतात, पण काही मागत नाहीत. "तितनं उत्तर यायला लई येळ लागतो," हे त्यांचं कारण. "तवर माणूस आपल्याच मनानं धरून चालतं."

आणि रविवारी सकाळी अकराला पद्माचा फोन. पद्मा त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन करमाळ्याला असते, तिथल्या शाळेत शिकवते. त्या फोनवर सर हजेरी घेतल्यासारखं विचारतात, "पोरं उठली? पाणी आलं? जावईबापूंचा खोकला गेला?" पत्नी जाऊन पाच वर्षं झालेली, सर शहरात पूर्व भागातल्या आपल्या घरी एकटेच. कंपनीची बस सुटायच्या वेळी सगळे पळत असतात आणि सर मात्र सगळ्यात शेवटी, निवांत येतात. मला वाटायचं, म्हातारा उगाच उशीर करतो.

आता भांडणाकडे येते. आमचं भांडण झालं ते प्रोसिजरींवरून, तेव्हा त्या काय असतात ते सांगायला हवं. मोठा प्रोग्राम स्वतः काही करत नाही. तो छोट्या छोट्या तुकड्यांना कामाला धाडतो, त्यांना प्रोसिजर म्हणायचं. जा, गोदामात सूत आहे का बघून ये. जा, गाडीत जागा आहे का बघून ये. प्रोसिजर जाते, काम करते आणि परत येताना उत्तर आणते, होय किंवा नाही. त्या उत्तरावर पुढचं सगळं चालतं.

सरांच्या जुन्या भाषेत एक सोय होती. एखादी प्रोसिजर काहीच उत्तर न देता परत आली, तर ती भाषा आपणहून 'होय' धरायची आणि पुढं जायची. नवीन भाषेत तसलं काही नाही. तिथं गप्प आलेल्याचं काहीच धरत नाहीत, आणि काहीच नाही म्हटल्यावर काम जागीच अडतं.

आणि सरांच्या प्रोग्रामात अशा गप्प प्रोसिजरी चिक्कार होत्या. जगाकडून उत्तरं वसूल करणाऱ्या माणसाच्या पोटी ही असली मुकी पिलावळ! मी तसं म्हटलंही. सर ओशाळले. "तवा तरणा हुतो," म्हणाले. "भाषाच होय म्हणायली, तर मी कशाला लिहू, असं वाटायचं."

शेठनी दसऱ्याची तारीख ठरवलेली. आमच्याकडे खंडेनवमीला मागांची, यंत्रांची पूजा होते. त्यात या वर्षी नवीन कंप्यूटरला झेंडूचा हार घालायचा आणि दसऱ्याला प्रोग्राम चालू करायचा. मी छातीठोकपणे हो म्हटलेलं. माझ्या मते काम सोपं होतं. नव्या प्रोग्रामात सगळ्यात वर एक ओळ टाकायची, 'जो गप्प येईल त्याचा होय समजावा.' विषय संपला. जुनं जसं चालत होतं तसंच नवीन चालेल.

सरांना हे मान्य नव्हतं. त्यांनी एक लांबलचक रजिस्टर आखलं. डावीकडे प्रोसिजरीचं नाव, पुढं तीन रकाने: होय, नाही, विचारायचं. रोज दहाबारा प्रोसिजरी ते उघडायचे आणि ज्या खात्याचं काम असेल तिथं जाऊन माणसांना विचारायचे. पॅकिंगला, गोदामात, गेटवर. "ही हितनं परत येती तवा काय सांगायला पायजे?" लोक आधी हसायचे, मग पळायचे. गेटवरचा वॉचमन तर सर दिसले की लांबूनच ओरडायचा, "होय सर, होय!" सर तरी जवळ जायचे. "कशाला होय?"

दसरा तीन आठवड्यांवर आला आणि रजिस्टर निम्म्यावरही नव्हतं. मी सरांना न सांगता ती ओळ टाकून दिली. शेठना कळवलं, काम झालं. त्या दिवशी मी डबासुद्धा जरा ऐटीतच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"त्या गप्प्यांचं काय केलं मॅडम?"

मी स्क्रीनकडे बघत राहिले.

"ओळ टाकली काय?"

मी माऊस उगाच इकडून तिकडे नेला. सर बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "तुमी गप बसलाव म्हणून मी न्हाय असं धरू? की होय धरू? बघा, कसं वाटतंय."

मला भयंकर राग आला. रंगेहाथ सापडल्यावर येतो तसा. मी ती ओळ काढून टाकली, तीही कळ जोरात आपटून, आणि म्हटलं, "घ्या. आता दसऱ्याला शेठना उत्तर तुम्हीच द्या."

"देतो की," सर म्हणाले आणि रजिस्टर घेऊन गोदामाकडे निघाले. थोड्या वेळानं मीही निघाले. दुसरं करणार काय? पुढचे दोन आठवडे आम्ही दोघं कारखानाभर उत्तरं मागत हिंडलो. आणि खोटं कशाला सांगू, त्यातल्या काही गप्प प्रोसिजरींचं उत्तर 'नाही' निघालं. गाडीत जागा आहे का बघणारी एक होती, ती बिचारी गाडी भरली तरी गप्पच परत यायची आणि कंप्यूटर 'होय' धरायचा. म्हणून गेली कित्येक वर्षं दर गाडीला दोन गठ्ठे मागं राहायचे आणि लोक ड्रायव्हरला शिव्या द्यायचे.

दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी चाचणी ठेवली. गर्द लाल टॉवेलांचा एक लॉट नव्या प्रोग्रामातून पाठवायचा. शेठ स्वतः येऊन उभे राहिले. सूत, विणाई, रंग, सगळं भराभर पुढं गेलं आणि एका जागी थांबलं. पडद्यावर एकच नाव, 'रंगचेक'. म्हणजे टॉवेलाचा रंग पक्का बसलाय का, हे बघायला गेलेली प्रोसिजर. गेली, आली आणि गप्प.

"हिचं रजिस्टरला काय आहे?" मी विचारलं.

सरांनी पान उलटलं. रंगचेकपुढं 'होय'च्या रकान्यात टिक होती.

"कुणाला विचारलं होतं सर?"

"कुणाला न्हाय," सर हळू म्हणाले. "समद्या माझ्याच, पण ही जवळची. सगळ्यात पयली लिहिलेली. हिला काय विचारायचं म्हणून उघडलीच न्हाय."

मी उघडली. आत काहीही नव्हतं. फक्त सरांची स्वतःसाठीची एक नोंद होती, 'नंतर लिहिणे.'

शेठना हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे तीस वर्षं कंप्यूटर रंग तपासतच नव्हता? आणि आपण लोकांना सांगत होतो, आमच्याकडे कंप्यूटरवर तपासून माल जातो?"

रंगखात्याचे मैनुद्दीनचाचा दारात उभे होते. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. त्यांना हसू आवरेना. "कंप्यूटर क्या तपासता शेठ? मैं तपासता. हर लॉट का एक टॉवेल गीला करको सफेद कपडे पे घिसता. तुमारा डब्बा क्या धो को देखताय क्या?"

शेठनी सुटकेचा निःश्वास टाकला. माल कधीच कच्चा गेला नव्हता, आणि मग त्यांनाही हसू आलं. मीही हसले. इतके दिवस ज्यानं माझ्याकडून प्रत्येक गोष्टीचं उत्तर काढलं, त्या माणसाची स्वतःचीच पहिली प्रोसिजर मुकी निघाली, हे मला पोट धरून हसण्यासारखं वाटलं. सर तेवढे हसले नाहीत. "दसऱ्याला होणार का नाही?" शेठनी विचारलं, तर म्हणाले, "सोमवारी सांगतो." उत्तर पुढं ढकलताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

दसऱ्याला प्रोग्राम चालू झाला, हे सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. कंप्यूटरला हार घातला, शेठनी पेढे वाटले. रंगचेक आता चाचांना विचारते आणि चाचा लाल बोटानं 'होय' दाबतात तेव्हाच लॉट पुढं जातो. ती कळ रोज पुसावी लागते, एवढाच त्रास. पण मला सांगायचंय ते त्याआधीच्या रविवारचं.

त्या रविवारी कारखाना बंद होता. माग थांबलेले, त्यामुळे खोलीत पंख्याचासुद्धा आवाज ऐकू येत होता. सर आणि मी रंगचेक लिहायला आलो होतो. खरं तर मीच लिहीत होते. सर रजिस्टर पुढ्यात घेऊन नुसते बसलेले. एकदा आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "बाकीच्या समद्यास्नी विचारलं बगा मी. आपलीच म्हणून तिला तेवडं विचारलं न्हाय."

मी म्हटलं, "सर, होतं असं. एका प्रोसिजरीचं काय एवढं."

अकरा वाजता फोन वाजला. सरांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. सरांची घरची भाषा तेलुगू, बापलेकीचं बोलणंही त्यातलंच, पण कारखान्यात ती रोज कानावर पडून मला समजायला लागली होती, म्हणून इथं मराठीत देते.

हजेरी सुरू झाली. पोरं उठली होती, पाणी आलं होतं. जावईबापूंचा खोकला काही गेला नव्हता. मग सर थांबले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पद्मा, तुला एक विचारायचं राहिलंय."

"काय नान्ना?"

"तुझी बारावी झाली तेव्हा मी जेवताना म्हटलं होतं, मुंबईला नको, इथंच बीए कर, चालेल ना? तू गप्प जेवत होतीस. दुसऱ्या दिवशी मी जाऊन फॉर्म भरला. तुझं उत्तर काय होतं?"

पलीकडून आवाज नाही. एरवी समोरचा अर्धा मिनिट थांबला तरी सर 'हॅलो, हॅलो' करून फोन हलवतात. आज ते हलले नाहीत. मी टाइप करायचं थांबवलं. तिकडे कुठलंसं पोर भांडं वाजवत होतं, त्याला कुणीतरी बाहेर नेलं.

"नाही होतं, नान्ना," पद्मा म्हणाली. "मला कपड्यांवरची डिझाइनं शिकायची होती. तुम्हाला माहीत होतं की."

"माहीत होतं," सर म्हणाले. "म्हणूनच परत विचारलं नाही. चुकलं माझं."

पद्मा रडत असावी. मला उठून बाहेर जावंसं वाटलं, मी खुर्ची मागं सरकवली. पण सरांनी हातानंच 'बस' अशी खूण केली. त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल इतकी माया वाटली की शुक्रवारी त्याच्यावर हसल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

"वीस वर्षांनी विचारताय होय," पद्मा जराशानं म्हणाली. आवाज भरलेला, पण त्यात हसू होतं. "राहू द्या. मी शाळेत पोरांना रांगोळ्या, नक्ष्या शिकवते, त्यात माझं भागतं. आता माझं एक विचारायचं आहे."

"विचार."

"आई गेल्यापासून मी तुम्हाला म्हणतेय, इकडं करमाळ्याला राहायला या. दर रविवारी म्हणते. दर रविवारी तुम्ही गप्प बसता आणि मग पाण्याचं विचारता. सांगा ना, मी काय धरायचं?"

चिलवेरी सरांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्या कारखान्याकडून उत्तरं घेतलेला तो माणूस तोंड उघडायचा, मिटायचा. रजिस्टराच्या पानाचा कोपरा त्यांनी दुमडला, परत सरळ केला.

"मला इथं करमत नाही, पद्मा," ते म्हणाले. "घरात गेल्यावर कुणाला काही विचारावं तर कुणी नसतं. म्हणून दिवसभर इथं लोकांना विचारत बसतो. तुझ्याकडं यावं असं लई वाटतं. पण तुझं एकदा माझ्या मनानंच ठरवून बसलो, आता परत तुझ्या घरात येऊन... जावईबापूंना, पोरांना चालेल का, अडचण होईल का... येऊ का गं मी..."

"या," पद्मा म्हणाली. सरांचा प्रश्न अजून पुरता संपलासुद्धा नव्हता.